सावधान, विश्राम आणि वरचा सा

मी सैनिकी शाळेत नोकरीला आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या उंचीकडे बघायचा आणि मग विचारायचा, "काय शिकवता?" मी म्हणायचे, "गाणं." यावर बहुतेक लोक विषय बदलत. गोंदिया स्टेशनबाहेरच्या एका रिक्षावाल्याने मात्र तोंडावर विचारलं, "मॅडम, गाने से दुश्मन भागेगा क्या?" मी म्हटलं, "हमारे लडकों का सुनोगे तो तुम भी भागोगे." पहिल्या वर्षी तरी यात काही खोटं नव्हतं.

१९९९ची गोष्ट. सडक अर्जुनीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध ही निवासी शाळा नुकतीच उभी राहिली होती. प्राचार्य निवृत्त कर्नल. त्यांना बँड हवा होता. बिगूल, मोठा ढोल, शक्य झालं तर बॅगपाइपसुद्धा. संस्थेने नुसती यादी बघितली आणि हात जोडले. तेव्हा कर्नलसाहेब म्हणाले, "गळे तर पोरं घरूनच घेऊन आली आहेत, ते वापरू." अशा रीतीने बँडच्या जागी गायनपथक आलं आणि बँडमास्तरच्या जागी मी आले.

शाळेत माझ्याखेरीज आणखी एक उस्ताद होते. सुभेदार चौहान, कवायतीचे शिक्षक. सैन्यात कवायत शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात भाबडेपणाने सांगितलं, की माझे उस्ताद मला पहाटे उठवून तासन्‌तास एकच सा लावायला लावायचे. सगळा वर्ग हळहळला. एकाने काळजीने विचारलं, "चुकलं त मैदानाले चक्कर माराले लावत होते का जी?"

गायनपथकात यायला सुरुवातीला कोणी तयार नव्हतं. सैनिक व्हायला आलेल्या पोराला गाणं म्हणजे पोरींचं काम वाटायचं. मग मी मेसमधून एक सवलत मिळवली. गळा सांभाळायचा म्हणून गायनपथकाला रोज संध्याकाळी हळद घातलेलं गरम दूध मिळेल. दुसऱ्या दिवशी संगीतकक्षासमोर एवढी रांग लागली, की कर्नलसाहेबांना वाटलं पोरांनी मेसविरुद्ध मोर्चा काढला.

सुभेदारसाहेबांचा आणि माझा पहिला खटका उडाला तो पोटावरून. त्यांचं म्हणणं, सैनिकी शाळेची मुलं गातील ती सावधानमध्येच. छाती बाहेर, पोट आत, नजर समोर. माझं म्हणणं, असं उभं राहून सलामी देता येते, गाता येत नाही. गाण्याचा श्वास छातीत नसतो, पोटात असतो. पोट आवळून धरलं की आवाज गळ्यातून निघतो आणि दोन ओळींत दमतो. "सोल्जर का पेट होता ही नहीं," सुभेदारसाहेब म्हणाले. प्रकरण कर्नलसाहेबांकडे गेलं. त्यांनी निवाडा दिला, की गाणं विश्राममध्ये होईल, पण सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर सावधान. पुढची सगळी वर्षं आमचं पथक असंच गायलं. टाचा आपटल्याच्या आवाजावर मी हार्मोनियमचा भाता सोडायचे.

आता या धंद्यातली खरी अडचण सांगते. मुलांचं गायनपथक ही दर जूनमध्ये मोडणारी वस्तू आहे. पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जातात तेव्हा त्यांचे आवाज पातळ, उंच, काचेसारखे असतात. परत येतात ती रेडे होऊन. याला आवाज फुटणं म्हणतात. तो काही आजार नाही. गळा वाढतो, आवाज खाली उतरतो, पण एका दिवसात उतरत नाही. काही महिने तो जुन्या घरात आणि नव्या घरात ये-जा करत राहतो आणि नेमका कधी कुठे असेल ते मालकालाही माहीत नसतं. त्या काळात पोराला गाऊ द्यायचं नाही, हातात टाळांसारख्या मंजिऱ्या द्यायच्या आणि वाट बघायची. माझ्याकडे मंजिऱ्या वाजवणारे नेहमीच गरजेपेक्षा जास्त असायचे.

त्या पहिल्या तुकडीतल्या दोघांची ही गोष्ट आहे.

एक लोकेश बिसेन. कामठ्याच्या पोवार शेतकऱ्याचा मुलगा, गोरापान, टवटवीत. पहिल्या रांगेत मधोमध उभा असायचा. तालमीत मी पोरांच्या पाठीमागून एकेकाच्या तोंडाजवळ कान नेत फिरायचे. कोण बेसूर आहे हे ओळखायची दुसरी रीत नाही. बिसेनपाशी आले तर काहीच ऐकू येईना. ओठ हलतायत, भुवया वर जातायत, आणि आवाज मुळीच नाही.

"बिसेन, आवाज कुठे आहे?"

"अंदरच हाय मॅडम. बाहेर काढला त तुमालेच तरास होईल."

मी हट्टाने एकट्याला गायला लावलं. चढावर सायकलची चेन उतरावी तसा आवाज निघाला. मी लगेच म्हटलं, "राहू दे."

पण मी त्याला काढलं नाही. कारण त्याची एक मजा होती. त्याला प्रत्येक गाण्याचा शब्द न्‌ शब्द पाठ असायचा आणि ओठांची हालचाल इतकी चोख, की शब्द विसरलेली बाकीची पोरं त्याच्या तोंडाकडे बघून गायची. दुधासाठी आलेला हा मुका गायक माझ्या पथकाचा आधार होऊन बसला. एकदा तर पाहुणे म्हणून आलेल्या मोठ्या अधिकाऱ्याने उत्कृष्ट गायकाचा चषक थेट त्याच्याच हातात ठेवला. मागच्या रांगा हसू दाबताना लाल झाल्या. बिसेनने कडक सलामी ठोकली आणि चषक घेतला.

दुसरा शिवचरण मडावी. केशोरीजवळच्या गावचा, काळासावळा, बोलायला लाजणारा. बिसेनचा जिवलग दोस्त आणि शेजारच्या पलंगावरचा. हा गायला लागला की मी हार्मोनियमचा आवाज आपोआप कमी करायचे. वरचा सा लावताना इतर पोरांच्या मानेच्या शिरा फुगायच्या. मडावी तो असा लावायचा, जसं कोणी हाक मारल्यावर 'ओ' म्हणावं.

त्याच्यासाठी आमच्या मराठीच्या सरांनी एक गाणं लिहिलं होतं. बांधीत उतरलेल्या सारसांचं.

धानाच्या बांधावरती सारस उतरले दोन,
एकाने घातली साद, दुसरा म्हणाला, कोण?

मडावीने ओळ म्हणायची, आणि शेवटचा 'कोण?' सगळ्या पथकाने मिळून विचारायचा. 'साद' या शब्दावर वरचा सा होता.

दुसऱ्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात पालकांनी भरलेल्या सभागृहात मडावीचा आवाज नेमका त्याच शब्दावर फुटला. सकाळच्या तालमीपर्यंत ठीक होता. आणि 'सा'च्या जागी एखाद्या म्हाताऱ्या कोंबड्याने बांग द्यावी तसं काहीतरी बाहेर आलं. सभागृह हसलं. वाईट मनाने नाही, घरच्या पोराची फजिती झाल्यावर हसतात तसं. पण मडावीचा बापही हसला, आणि ते मडावीने रंगमंचावरून पाहिलं.

त्यानंतर मडावी गायला नाही. मी समजावलं, की वर्षभरात नवा आवाज बसेल, सगळ्यांचाच बसतो. तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "नाही गाऊन राहिलो मॅडम." वर्ष गेलं, दोन गेली. बोलताना त्याचा आवाज चांगला खाली उतरलेला कळायचा, पण गाताना कसा असेल हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. पथक मात्र त्याने सोडलं नाही. मंजिऱ्यांवरून तो मायक्रोफोनकडे सरकला. शाळेचा जुना अँप्लिफायर शिटी मारायचा, तो मडावीच्या हाताखाली गप्प बसायला लागला. शाळा सुटल्यावर त्याने केशोरीत मंडप-डेकोरेशन आणि साउंडचा धंदा टाकला. लग्न असो की दिवाळीनंतरच्या मंडईची जत्रा, त्या भागात मडावीचेच भोंगे.

मी निवृत्त झाले त्या वर्षी बिसेनचा फोन आला. आता तो सैन्यात मेजर झाला होता. "मॅडम, तुमची जागा भरून नाही राहिले म्हणे?"

खरंच होतं. संस्थेच्या सचिवांचं मत पडलं होतं, की संगीत शिक्षकाशिवायही मुलं सैन्यात जातातच. गायनपथक माझ्याबरोबरच निवृत्त झालं होतं.

"मंग आपण जुने सारे जमू अन् शाळेतच कार्यक्रम करू. सचिवसाहेबायले पहिल्या रांगेत बसवू. पाहू ना कसे नाही भरत."

"तू काय करणार आहेस कार्यक्रमात?" मी विचारलं.

"गाईन ना जी," मेजर बिसेन म्हणाला. "नेहमीसारखा."

दिवाळीनंतर गोंदियातल्या एका मंगल कार्यालयात आमच्या तालमी झाल्या. कोणी जवान, कोणी हवालदार, कोणी डॉक्टर. एकाचा सडक अर्जुनीला ढाबा होता आणि त्याचं पोट त्याच्याआधी तालमीला पोचत होतं. मी त्यांना सांगितलं, "श्वास पोटातून," तर हवालदार म्हणाला, "मॅडम, याच्यात त सिलिंडर मावते." सगळ्यांचे आवाज आता खालचे. जुन्या पट्टीत एकही गाणं निघेना. मी सगळी गाणी खाली उतरवली, तेव्हा कुठे सूर जमायला लागले.

मडावी आला होता, पण साउंडवाला म्हणून. मी त्याला म्हटलं, "शिवचरण, एकदा तरी रांगेत उभा राहा." तो वायर सोलत म्हणाला, "मी मागंच बरा हाव मॅडम. कोनीतरी मागं पायजे ना."

कार्यक्रम रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात होता. पडदा उघडायच्या थोडं आधी मडावी माझ्याजवळ आला. खाली बघत म्हणाला, "सारसाच्या गाण्याले काळी एकची पट्टी द्या."

"ते गाणं तर बिसेनने स्वतःच्या नावावर लावून घेतलंय."

"त्याच्याचसाठी."

"बिसेनला पट्टी कशाला लागते? त्याला कोणतीही चालते."

मडावीचे कान लाल झाले. मग सगळं बाहेर पडलं. बिसेनचं लग्न ठरत होतं म्हणे. नागपूरची मंडळी खास त्याचं गाणं ऐकायला आली होती, कारण याने त्यांना तो चषक दाखवून ठेवला होता. आता गायला नाही तर सोयरीक मोडेल. "म्हणून मी पडद्यामागून गातो, तो समोर तोंड हलवते. तुमाले सांगतलं कारण पेटी तुमी वाजवता. बाकी कोनालेच नाही माहीत व्हाले पायजे."

मी शिक्षिका म्हणून रागवायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, की आज मला मडावीचा नवा आवाज ऐकायला मिळणार. मी म्हटलं, "काळी एक. दिली."

टाचा आपटल्या, विश्राम झाला आणि आम्ही सुरुवात केली. पहिली दोन गाणी जराशी लंगडली. डॉक्टर एक कडवं खाऊन गेले, ढाबेवाला तेवढ्यात पुढचं कडवं गायला लागला. पण सगळे खुशीत होते. पहिल्या रांगेत सचिव होते, मिशा पांढऱ्या झालेले सुभेदारसाहेब होते, आणि त्यांच्या शेजारी मडावीची बायको, उर्मिला. तिला बिसेनने आग्रहाने बोलावलं होतं. दुसऱ्या रांगेत नागपूरची मंडळी नटूनथटून बसली होती.

मग मेजर बिसेन पुढे आला, मायक्रोफोनसमोर उभा राहिला आणि एक हात कानावर ठेवला. मी काळी एकचा सूर दिला.

भोंग्यातून आवाज आला आणि माझं बोट चुकीच्या पट्टीवर पडलं. पूर्वीचा तो पातळ आवाज कुठेच नव्हता. हा खालचा होता, रुंद होता, आणि तरी तसाच विनासायास. मडावीने ओळ संपवली, पथकाने विचारलं, "कोण?" बिसेनने दोन्ही हात पसरून सुरेख भाव दिला. पहिलं कडवं असं झालं, की सचिव मान डोलवायला लागले.

दुसऱ्या कडव्याला बिसेनने खिशातून पाण्याची बाटली काढली. मला वाटलं, घसा कोरडा पडल्याचा अभिनय करतोय. त्याने शांतपणे झाकण उघडलं आणि बाटली तोंडाला लावली. भोंग्यातून गाणं सुरूच होतं. बिसेन घटाघटा पाणी पीत होता आणि वर सारस उडत होते.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग सभागृह फुटलं. लोक बाकं बडवून हसायला लागले. बिसेन पडद्याकडे हात करून दाखवत होता, की बघा, गाणारा तिकडे आहे. मडावीला पुढे आणायचा त्याचा डाव मला तेव्हा कळला. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती. पडद्यामागे बसलेल्या मडावीला रंगमंच दिसत नव्हता. त्याला फक्त हसणं ऐकू येत होतं. आणि गाणं नेमकं पुन्हा 'साद'पाशी आलं होतं.

आवाज थांबला.

हसणंही हळूहळू थांबलं. बिसेनच्या हातातली बाटली तशीच राहिली, आणि त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. सवयीने माझा हात वर गेला आणि मी पथकाला इशारा दिला. सगळ्यांनी विचारलं, "कोण?"

मी पुन्हा हात वर केला. "कोण?" या वेळी हळू.

तेव्हा पहिल्या रांगेतून सुभेदारसाहेब उठले. काठी टेकत पायऱ्या चढले आणि पडद्याकडे तोंड करून त्यांनी मैदानावरचा आवाज काढला, "कॅडेट मडावी! सावधान!"

पडद्यामागे रबरी चपला आपटल्याचा आवाज आला.

"दाहिने मुड! तेज चल!"

आणि मडावी बाहेर आला. गळ्यात वायरचं वेटोळं, हातात मायक्रोफोन, पायात चपला, पण हात खांद्यापर्यंत झुलवत, कवायतीत चालल्यासारखा. त्याच्या मनाला काय वाटत होतं कोण जाणे, पाय मात्र हुकूम ऐकत होते. "थम!" तो मधोमध थांबला. समोर बघितलं, तर सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

"विश्राम," सुभेदारसाहेब म्हणाले. मग हळूच, फक्त त्याला आणि मला ऐकू येईल असं, "अब पेट से साँस ले, बेटा."

मी पुढेमागे न बघता सरळ त्याच ओळीचा सूर धरला. मडावीने डोळे मिटले आणि 'साद' लावली. कोणी हाक मारल्यावर 'ओ' म्हणावं, तशीच. मी पेटी वाजवायची थांबवली. गरज नव्हती.

नंतर आत मी बिसेनचा कान धरला. मेजर असला तरी कान शाळेचाच होता. "त्या नागपूरच्या लोकांना आता काय तोंड दाखवशील?"

"कोनते नागपूरचे? ते त आमच्या ढाबेवाल्याचे साडू हायेत. त्यायले जेवनाचं आमंत्रण होतं."

"आणि तुझं लग्न?"

"माह्यं कुठं ठरलं जी? असं नाही सांगतलं असतं त हा गायलाच नसता. माह्यासाठी गाते, स्वतःसाठी नाही गात."

"पण तो अजून गाऊ शकतो हे तुला कसं माहीत?"

"आवाज फुटल्यावरबी होस्टेलच्या बाथरूममदी गायचा ना, नळ पुरा सोडून. त्याले वाटे कोनी नाही आयकत. मी बाजूच्याच नळाखाली राहो, आंग न भिजवता."

सचिवांनी भाषणात संगीताचं महत्त्व इतक्या पोटतिडकीने सांगितलं, की आम्हाला वाटलं उद्याच जाहिरात निघते. ती अजून निघालेली नाही. माझ्या जागी शाळेत आज कोणी नाही, आणि संध्याकाळचं दूधही बंद झालंय. एवढं सोडलं तर कार्यक्रम यशस्वी झाला असं म्हणायला हरकत नाही.

उन्हं उतरताना मी मैदानावर आले, तेव्हा मडावी भोंगे गाडीत चढवत होता. उर्मिला गाडीला टेकून उभी होती. ती त्याच्याशी न बोलता माझ्याशी बोलली.

"मॅडम, लगन झाल्यापासून मी घरी रेडिओ लावून राहिली. सेल उतरले की दुकानात धावते मी. अन् हे बाजूले बसून चुपचाप आयकून राहिले! एक दिवस तरी सांगावं का नाही मानसानं?"

"तुले रेडिओ आवडते म्हणून..." मडावी पुटपुटला.

"मले गानं आवडते! रेडिओ काऊन आवडन मले?"

बिसेन आणि सुभेदारसाहेब एकदम दुसरीकडे बघायला लागले. मडावी खाली बसला आणि केबल गुंडाळायला लागला. गुंडाळता गुंडाळता, अगदी खालच्या आवाजात, स्वतःशीच गुणगुणायला लागला.

"जोरानं," उर्मिला म्हणाली.